बटणामागची कमांड: ग्नोम डेस्कटॉप आणि टर्मिनल एकत्र कसे वापरावेत

लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसला आहे: डेस्कटॉप (माऊसने चालणारा पडदा) नवख्यांचा, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) जाणकारांचं. यात दोघांचंही नुकसान होतं. फक्त माऊसवर काम करणाऱ्याला काही बिघडलं की पुढचा रस्ताच दिसत नाही. फक्त टर्मिनलवर विसंबणारा दोन क्लिकच्या कामासाठी अर्धा तास घालवतो.

सेटिंग्जमधलं बटण आणि टर्मिनलमधली कमांड बहुतेक वेळा एकाच तिसऱ्या गोष्टीशी बोलत असतात. ही तिसरी गोष्ट म्हणजे मागे चालणारी एखादी सेवा किंवा डिस्कवरची एखादी फाइल. ती कोणती हे ओळखता आलं की काम कुठल्याही बाजूने करता येतं आणि एक बाजू अडली तर दुसरीकडून दुरुस्त करता येतं. ती कशी ओळखायची, हे पुढे ग्नोमवर करून बघू. उबुंटू, फेडोरा आणि डेबियन या लिनक्सच्या तिन्ही वितरणांचा नेहमीचा डेस्कटॉप ग्नोमच आहे. केडीई आणि एक्सएफसीई हे दुसरे डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. अर्धी कमांड लिहून टॅब दाबलात तर बाकीची बहुतेक वेळा आपोआप पुरी होते. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, स्पेलिंगच्या निम्म्या चुका तिथेच टळतात.

पायरी 1: आपल्याकडे नेमकं काय चालू आहे?

टर्मिनल उघडा. उबुंटूवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबले की उघडतं. मग या दोन ओळी चालवा. डॉलरच्या पुढची नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहायची:

एको $एक्सडीजी_करंट_डेस्कटॉप
एको $एक्सडीजी_सेशन_टाइप

पहिलीचं उत्तर फेडोरा-डेबियनवर 'ग्नोम' असं येतं, उबुंटूवर 'उबुंटू:ग्नोम'. दुसरीचं उत्तर 'वेलँड' किंवा 'एक्स11' असतं. हे दुसरं उत्तर कागदावर लिहून ठेवा, कारण इंटरनेटवरचे जुने सल्ले चालणार की नाही ते बरंचसं त्यावर ठरतं.

एक्स (वरचं 'एक्स11' हेच) ही पडद्यावर विंडो दाखवणारी चित्रप्रणाली 1984 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली. तिच्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या विंडो पाहू शकतो, हलवू शकतो, त्यात कीबोर्डचे ठोकेही पाठवू शकतो. डब्ल्यूएमसीटीआरएल आणि एक्सडूटूलसारख्या कमांड याच मोकळीकीवर उभ्या आहेत. 2008 मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ही मोकळीक जाणूनबुजून काढून टाकली. तुमचा पासवर्ड टाइप होत असताना शेजारच्या विंडोतल्या प्रोग्रॅमने तो वाचू नये, हे त्यामागचं एक मोठं कारण. मला हा निर्णय पटतो. पण त्याची किंमत अशी की या कमांड वेलँडवर एक तर काहीच करत नाहीत किंवा अर्धवट चालतात. फेडोराने 2016 मध्ये आवृत्ती 25 पासून ग्नोमसाठी वेलँड हाच नेहमीचा पर्याय केला, डेबियनने 2019 मध्ये आवृत्ती 10 पासून. त्यामुळे एखादी कमांड लेखात सांगितल्याप्रमाणे चालली नाही तर आधी तो लेख कोणत्या काळातला आहे ते बघा.

पायरी 2: डेस्कटॉपमधून बाहेर पडून त्याच्याकडे बघा

उघडी कामं सेव्ह करा आणि कंट्रोल, ऑल्ट, एफ3 एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन मागितलं जाईल. नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. आता:

लॉगइनसीटीएल लिस्ट-सेशन्स
पीग्रेप -ए ग्नोम-शेल

पहिल्या कमांडमध्ये तुमची दोन सत्रं दिसतील, एक डेस्कटॉपचं आणि एक या काळ्या पडद्याचं. दुसरीत ग्नोम-शेलचा प्रक्रिया क्रमांक दिसेल. वरची पट्टी, अॅप्सची जाळी, विंडो मांडणं, हे सगळं ग्नोम-शेल नावाचा हा एक प्रोग्रॅम सांभाळतो. लिनक्सच्या नजरेत तोही इतर प्रोग्रॅमसारखाच एक आहे. तो अडकला म्हणजे संगणक अडकला असं नव्हे. पायरी 6 मधली सगळी दुरुस्ती याच गोष्टीवर उभी आहे. परतायला बहुधा कंट्रोल, ऑल्ट, एफ2. तिथे डेस्कटॉप नसेल तर एफ1 दाबून बघा.

मराठी वापरणाऱ्यांना इथे एक गोष्ट नक्की दिसेल. फाइलींची नावं देवनागरीत असतील तर या काळ्या पडद्यावर त्यांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं येतात. फाइलींना काहीही झालेलं नसतं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) या पडद्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त 512 आकार मावतात आणि मात्रा, जोडाक्षरं जुळवण्याची सोय त्यात नाही. तुमची सिस्टीम मराठीत असेल तर चुकांचे संदेशही असेच वाचता न येणारे दिसतील. अशा वेळी एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी ही ओळ चालवा, म्हणजे पुढचे संदेश इंग्रजीत येतील. यात 'एक्सपोर्ट' लहान अक्षरांत, बाकी सगळं मोठ्या अक्षरांत.

पायरी 3: बटण दाबल्यावर काय लिहिलं जातं ते डोळ्यांनी बघा

या लेखातली एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही बघा. टर्मिनलमध्ये लिहा:

डीकॉन्फ वॉच /

कमांड सापडत नाही असं उबुंटू किंवा डेबियनवर आलं तर डीकॉन्फ-सीएलआय हे पॅकेज बसवा. कमांड चालू झाली की काहीच दिसणार नाही, ती वाट पाहत थांबते. टर्मिनल एका बाजूला ठेवून सेटिंग्ज उघडा, दिसण्याच्या विभागात जा आणि गडद रूप निवडा. त्याच क्षणी टर्मिनलमध्ये उमटेल:

/ऑर्ग/ग्नोम/डेस्कटॉप/इंटरफेस/कलर-स्कीम
'प्रिफर-डार्क'

उबुंटूवर याच्या जोडीला जीटीके-थीम या किल्लीचीही (एकेका सेटिंगला किल्ली म्हणतात) ओळ येते, कारण उबुंटू स्वतःची यारू थीमही त्याच वेळी बदलतं. बटण एक, पण लिहिल्या गेलेल्या नोंदी एकाहून जास्त. हे सेटिंग्जच्या पडद्यावरून कधीच कळलं नसतं.

कंट्रोल आणि सी दाबून वॉच थांबवा. आता तोच बदल स्वतः करा:

जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस कलर-स्कीम प्रिफर-डार्क

वॉचमध्ये तिरप्या रेघा होत्या, इथे त्यांच्या जागी टिंबं आली. शेवटचा भाग म्हणजे किल्लीचं नाव, ते मोकळी जागा सोडून वेगळं लिहायचं. 'कलर' हे अमेरिकी स्पेलिंगने, म्हणजे यू न घालता. याच कमांडमध्ये 'सेट'च्या जागी 'गेट' लिहून शेवटची किंमत काढली तर सध्याची किंमत कळते. 'रेंज' लिहिलं तर चालणाऱ्या सगळ्या किमती दिसतात, 'डिस्क्राइब'ने किल्लीचं वर्णन येतं आणि 'रीसेट'ने ती मूळ स्थितीत जाते. 'सेट' करण्याआधी 'गेट'चं उत्तर बघून ठेवायचं, हा क्रम मोडू नका.

या सगळ्या नोंदी तुमच्या होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/डीकॉन्फ/यूजर या एकाच फाइलमध्ये असतात. ती बायनरी आहे, टेक्स्ट एडिटरने उघडून बदलू नका.

जीसेटिंग्ज वापरताना तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पहिलं वॉलपेपर. ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.बॅकग्राउंडमधली पिक्चर-यूआरआय ही किल्ली बदलूनही चित्र तेच राहतं, अशी तक्रार सतत येते. 2022 च्या ग्नोम 42 पासून गडद रूपासाठी पिक्चर-यूआरआय-डार्क ही वेगळी किल्ली आहे. गडद रूप चालू असेल तर ती बदलायला हवी. आणि किंमत 'फाइल:///' अशी तीन तिरप्या रेघांनी सुरू झाली पाहिजे.

दुसरं सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं. परवानगी कमी पडत असेल म्हणून सुडो लावून जीसेटिंग्ज चालवलं तर चूक दाखवलीच जाईल असं नाही, पण तुमच्या पडद्यावर काहीच बदलत नाही. कारण बदल झालेला असतो रूट या प्रशासक खात्याच्या सेटिंग्जमध्ये. ही सेटिंग्ज प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची आहेत, त्यांना सुडो कधीच लागत नाही.

तिसरं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सेवा. संध्याकाळी आपोआप गडद रूप यावं म्हणून क्रॉनमध्ये ही ओळ टाकली तर ती निष्फळ जाते. बदल लिहिण्याचा निरोप डी-बस नावाच्या यंत्रणेतून जातो आणि क्रॉनला तुमच्या सत्राची डी-बस कुठे आहे हे माहीत नसतं. ओळीच्या आधी हे जोडा (बरोबरच्या चिन्हाआधीचं नाव मोठ्या अक्षरांत):

डीबस_सेशन_बस_अॅड्रेस=युनिक्स:पाथ=/रन/यूजर/1000/बस

1000 च्या जागी तुमचा क्रमांक टाका, तो 'आयडी -यू' या कमांडने कळतो.

मराठी कीबोर्डचंही असंच आहे. सेटिंग्जमधून मराठीची मांडणी जोडा आणि मग हे चालवा:

जीसेटिंग्ज गेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इनपुट-सोर्सेस सोर्सेस

जोड्यांची एक यादी येईल. प्रत्येक जोडीत आधी प्रकार, म्हणजे एक्सकेबी किंवा आयबस, आणि मग मांडणीचं नाव. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संगणककक्षात वीस यंत्रांवर मराठी टंकन बसवायचं असेल तर एका यंत्रावर माऊसने नीट जुळवा, ही यादी उचला आणि बाकीच्या यंत्रांवर 'सेट'ने टाका. आयबसची मांडणी असेल तर तिचं पॅकेज मात्र प्रत्येक यंत्रावर आधी बसवलेलं हवं. माऊसने शोधायचं आणि कमांडने पसरवायचं, ही विभागणी मला सगळ्यात उपयोगी वाटते.

पायरी 4: सेवांशी दोन्हीकडून बोला

सगळंच डीकॉन्फमध्ये, म्हणजे ग्नोमच्या सेटिंग्जच्या या साठ्यात, नसतं. वायफाय नेटवर्कमॅनेजर ही सेवा सांभाळते. तिची कमांड एनएमसीएलआय. हे चालवून ठेवा:

एनएमसीएलआय मॉनिटर

आणि वरच्या पट्टीतून वायफाय बंद-चालू करा. प्रत्येक टप्पा टर्मिनलमध्ये येत राहील. उलटंही करून बघा: 'एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑफ' लिहिलं की वरच्या पट्टीतलं चिन्ह लगेच बदलतं, कारण पट्टी आणि कमांड दोघंही एकाच सेवेचे ग्राहक आहेत. पुन्हा चालू करायला शेवटी 'ऑन'. नवीन जोडणीसाठी:

एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट नेटवर्कचं-नाव

'--आस्क'मुळे पासवर्ड वेगळा विचारला जातो. कमांडच्या ओळीतच पासवर्ड लिहिला तर तो टर्मिनलच्या इतिहासात उघडा पडून राहतो.

ब्लूटूथला ब्लूटूथसीटीएल, पाइपवायर या सेवेवरच्या आवाजाला डब्ल्यूपीसीटीएल, तारीख-वेळेला टाइमडेटसीटीएल. पद्धत तीच. सॉफ्टवेअर बसवण्याबद्दल एवढंच सांगतो की डेब पॅकेज (उबुंटू-डेबियनवरचा सॉफ्टवेअरचा गठ्ठा) अॅपमधून बसवा किंवा एपीटी कमांडने, नोंदवही एकच असते. म्हणूनच मागे अपडेट चालू असताना एपीटी 'लॉक मिळालं नाही' असं सांगतं. त्या वेळी थांबा. लॉकची फाइल पुसून टाकायचा सल्ला जिथे तिथे मिळतो, पण त्याने पॅकेजांची नोंद अर्धवट राहू शकते.

पायरी 5: आयकॉन उघडून आत बघा

अॅपच्या यादीतला प्रत्येक आयकॉन ही एक साधी मजकुराची फाइल आहे. बहुतेक फाइली /यूएसआर/शेअर/अॅप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये असतात आणि त्यांच्या नावाच्या शेवटी .डेस्कटॉप असतं. फाइल मॅनेजरची फाइल कॅट कमांडने वाचा. तिच्यात एक्झेक= ने सुरू होणारी ओळ सापडेल. आयकॉनवर क्लिक केलं की हीच कमांड चालते. नेम[एमआर]= ही ओळ असेल तर मराठी डेस्कटॉपवर तिच्यातलं नाव दिसतं. उबुंटूवर ती इथे न दिसण्याची शक्यता जास्त, कारण उबुंटू भाषांतरं वेगळ्या भाषा-पॅकेजांत ठेवतं.

क्लिक केल्यावर एखादं अॅप उघडतच नाही आणि कारणही कळत नाही, तेव्हा एक्झेकमधली कमांड टर्मिनलमध्ये चालवा. शेवटचं %यू वगैरे गाळा. जी चूक आयकॉनमागे गडप होत होती ती आता वाचता येईल.

स्वतःच्या स्क्रिप्टलाही असा आयकॉन देता येतो. होममधल्या .लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्स या फोल्डरमध्ये बॅकअप.डेस्कटॉप नावाची फाइल करा:

[डेस्कटॉप एंट्री]
टाइप=अॅप्लिकेशन
नेम=बॅकअप
नेम[एमआर]=माझा बॅकअप
एक्झेक=/होम/तुमचं-नाव/बिन/बॅकअप.एसएच
टर्मिनल=ट्रू

कंसातल्या दोन्ही शब्दांचं आणि प्रत्येक ओळीतल्या डावीकडच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. दुसऱ्या ओळीत उजवीकडचा 'अॅप्लिकेशन'ही मोठ्या अक्षराने सुरू होतो, 'ट्रू' आणि चौकोनी कंसातलं 'एमआर' मात्र लहान. 'माझा बॅकअप' देवनागरीतच लिहा, चालतं. स्क्रिप्टला 'सीएचमॉड +एक्स'ने चालण्याची परवानगी द्या. शेवटी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट ही कमांड फाइलवर चालवलीत तर स्पेलिंगच्या चुका ती दाखवते.

एक्झेकच्या ओळीत होमसाठी ~ हे चिन्ह चालत नाही, पूर्ण पत्ता द्यावा लागतो. > आणि | हीसुद्धा चालत नाहीत, कारण ही ओळ शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) वाचत नाही, डेस्कटॉप वाचतो. 'टर्मिनलमध्ये चालतं, आयकॉनवरून चालत नाही' या नेहमीच्या कोड्याचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं. टर्मिनल उघडताना .बॅशआरसी ही फाइल वाचली जाते. तुम्ही तिथे पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या यादीत) जोडलेले फोल्डर, केलेली टोपणनावं, ठरवलेली चलं, हे सगळं त्या टर्मिनलपुरतं असतं. आयकॉनवरून सुरू झालेल्या प्रोग्रॅमला त्यातलं काहीच मिळत नाही. दोन्हीकडे लागणारी चलं होममधल्या .कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी या फोल्डरमध्ये, नावाच्या शेवटी .कॉन्फ असलेल्या फाइलीत, एका ओळीत एक अशी नाव=किंमत या रूपात लिहा. मग लॉगआउट करून परत या.

फाइलींच्या बाबतीत एक फरक जपून लक्षात ठेवा. फाइल मॅनेजरमध्ये डिलीट केलेली फाइल कचऱ्यात जाते. आरएम कमांडने पुसलेली कुठेच जात नाही, ती गेलीच. टर्मिनलमधूनही कचऱ्यात टाकायचं असेल तर:

जीआयओ ट्रॅश फाइलचं-नाव

कचरापेटी म्हणजे .लोकल/शेअर/ट्रॅश (टी मोठा) हा फोल्डर. त्याच्या आत फाइल्स आणि इन्फो असे दोन भाग आहेत. इन्फोमध्ये प्रत्येक फाइलीमागे एक चिठ्ठी असते, तिच्यात मूळ पत्ता आणि पुसल्याची तारीख लिहिलेली असते. 'जागेवर परत ठेवा' म्हटल्यावर फाइल नेमकी आपल्या ठिकाणी जाते ती यामुळे. मराठी नाव असेल तर त्या चिठ्ठीत पत्ता % चिन्हांच्या माळेसारखा दिसेल, तो देवनागरीचाच संकेत आहे.

रोजच्या ये-जा करण्यासाठी तीन गोष्टी पुरतात. 'एक्सडीजी-ओपन' आणि फाइलचं नाव लिहिलं की फाइल तिच्या नेहमीच्या अॅपमध्ये उघडते. फाइल मॅनेजरमधून एखादी फाइल ओढून टर्मिनलवर सोडली की तिचा पूर्ण पत्ता लिहिला जातो. आणि टर्मिनलमध्ये पेस्ट करताना कंट्रोल-व्ही नव्हे, कंट्रोल-शिफ्ट-व्ही.

पायरी 6: डेस्कटॉप गोठला तर

पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी हा क्रम पाळा. कंट्रोल, ऑल्ट, एफ3 दाबून लॉगिन करा. 'टॉप' चालवून कोण मेमरी किंवा प्रोसेसर खातंय ते बघा आणि क्यू दाबून बाहेर या. दोषी एखादं अॅप असेल तर 'किल' आणि त्याचा क्रमांक. शक्यता अशी की एवढ्यावर डेस्कटॉप जागा होईल आणि बाकीच्या विंडो जशाच्या तशा मिळतील.

नाही झाला तर डिस्कवर किती जागा उरली ते 'डीएफ -एच'ने बघा. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो, त्याचं एक नेहमीचं कारण होमची डिस्क शंभर टक्के भरलेली असणं हे आहे. सत्र सुरू करायला ज्या छोट्या फाइली लिहाव्या लागतात त्यांनाच जागा उरत नाही. थोडी जागा मोकळी केली की लॉगिन होतं. मग संगणक या वेळी सुरू झाल्यापासूनच्या चुका वाचा:

जर्नलसीटीएल -बी -पी एरर

यात 'एरर'च्या जागी ईआरआर ही तीनच अक्षरं टाइप करायची. शेवटचा उपाय:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर

याने डेस्कटॉप पूर्ण नव्याने उभा राहतो, पण डेस्कटॉपमधलं सेव्ह न केलेलं सगळं जातं.

केडीई आणि एक्सएफसीई

मथियास एट्रिश यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या केडीईत सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. त्या .कॉन्फिग फोल्डरमध्ये थेट वाचता येतात, केडीईग्लोबल्स ही त्यातली मुख्य. कमांडने बदलायला केराइटकॉन्फिग6 (केडीईच्या प्लाझ्मा 5 या जुन्या आवृत्तीवर शेवटी 5), आणि वॉलपेपरला प्लाझ्मा-अप्लाय-वॉलपेपरइमेज. एक्सएफसीईमध्ये पायरी 3 चा वॉच असा करायचा:

एक्सएफकॉन्फ-क्वेरी -सी एक्सएफसीई4-डेस्कटॉप -एम

मग वॉलपेपर बदला आणि कोणती नोंद हलते ते बघा.

सगळी जुळवणी सोबत न्यायची असेल तर

ग्नोमची सगळी सेटिंग्ज एका मजकुराच्या फाइलीत काढता येतात:

डीकॉन्फ डंप /ऑर्ग/ग्नोम/ > ग्नोम-सेटिंग्ज.टीएक्सटी

एखाद्या लेखात 'डीकॉन्फ रीसेट -एफ /ऑर्ग/ग्नोम/' करायला सांगितलं असेल तर त्याआधी हे नक्की करा. ती कमांड शॉर्टकट, कीबोर्ड, थीम सगळं पुसते आणि विचारतही नाही. परत भरायला:

डीकॉन्फ लोड /ऑर्ग/ग्नोम/ < ग्नोम-सेटिंग्ज.टीएक्सटी

नव्या संगणकावर भरणार असाल तर आधी ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचा. वॉलपेपरच्या ओळींत जुन्या वापरकर्त्याच्या नावाचा पत्ता असतो, तो बदला. एनेबल्ड-एक्स्टेन्शन्सच्या यादीतली जी एक्स्टेन्शन्स नव्या यंत्रावर अजून बसवलेली नाहीत ती काढून टाका. कीबोर्डची सोर्सेस ही ओळ मात्र आहे तशी राहू द्या.